चिंगी घरभर शू करतेय. सोफा गेला, आता गादीची पाळी. काय करू?

कावेरी:
मांजरवाल्यांनो, मदत हवी आहे. आमची चिंगी सहा वर्षांची. नसबंदी लहानपणीच झालेली. आजवर वाळूची पेटी सोडून बाहेर एक थेंब सांडला नाही तिने. आता मात्र सोफ्याचा डावा कोपरा, धुवायच्या कपड्यांचा ढीग, बाथरूमबाहेरचं पायपुसणं आणि आमच्या ह्यांची ऑफिसची बॅग अशा तिच्या ठरलेल्या जागा झाल्या आहेत. परवा पहाटे थेट पलंगावर, तेही बरोबर ह्यांच्या बाजूला. ह्यांचं ठाम मत, की ही खुन्नस आहे.

मध्यंतरी घरात बरंच काही बदललं. लेकीच्या हट्टापायी दुसरी मांजर आली, बिजली, अजून वर्षाचीही नाही. सासूबाई कायमच्या राहायला आल्या, त्यामुळे खोल्यांची अदलाबदल झाली आणि चिंगीची पेटी गॅलरीतून बाथरूममध्ये, वॉशिंग मशीनच्या शेजारी गेली. दोघी मांजरींचं भांडण म्हणाल तर अजिबात नाही. फिस्कारणं नाही, पंजा नाही.

ओरडून झालं, जागेवर नेऊन नाक घासून झालं (सासूबाईंचा उपाय), फिनेल ओतून झालं. उलट वाढलंय. आलेले पाहुणे सोफ्यावर बसतात, आधी हुंगतात आणि मग बोलतात. हा आजार आहे, ताण आहे की नुसता आगाऊपणा? सुरुवात कुठून करू?

रातकिडा:
मी पहिला! उपयोगाचं काही सांगत नाहीये, पण आमचा बोका फक्त माझ्याच बुटात करतो, बायकोच्या नाही. तुमच्या ह्यांना माझा जाहीर पाठिंबा.

निशिगंध:
कावेरी, बाकी सगळं नंतर, आधी लघवी तपासून घे. थोडी थोडी पण सारखी जातेय का, बसल्यावर ओरडते का, खालची जागा सतत चाटते का, शूला गुलाबी छटा आहे का, हे बघ. आमच्या सोनीचंही असंच "बिघडली, लाडावली" चाललं होतं. तपासलं तर स्ट्रुव्हाइटचे खडे. ते खास आहाराने विरघळले. ऑक्झलेटचे असते तर विरघळले नसते, ते काढावेच लागतात. म्हणून खडा आहे एवढं कळून भागत नाही, कुठला आहे तेही कळायला हवं.

नमुना घरी घ्यायचा तर पेटीत न शोषणारे प्लॅस्टिकचे मणी टाकतात. नाहीतर डॉक्टर सुईने थेट मूत्राशयातून काढतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण मांजराला इंजेक्शनपेक्षा जास्त काही कळत नाही आणि तोच नमुना सगळ्यांत शुद्ध.

जुनाखोंड:
आमच्या लहानपणी घरात मांजरं असायची. पेटी नाही, वाळू नाही, डॉक्टर नाही. बाहेर जायची, माती उकरायची, करायची, झाकायची, परत यायची. मांजराला ताण! अहो ताण आपल्याला येतो, ती आपल्या जिवावर झोपा काढतात. रात्री बाहेर ठेवा, आपोआप सुधारेल.

निशिगंध:
@जुनाखोंड, काका, "परत यायची" यात न परतलेली किती होती ते कोणी मोजलं?

टवाळ_कार्टं:
काकांना रात्री बाहेर ठेवून बघा आधी, कुठे कुठे करतात ते.

(हलकेच घ्या काका.)

गुरांचा_डॉक्टर:
नाव जुनं आहे, आता गुरं कमी आणि मांजरंच जास्त बघतो.

निशिगंध यांचा क्रम बरोबर आहे. तरुण आणि मध्यमवयीन मांजरांत खडे सापडतात, पण त्याहून जास्त वेळा काहीच सापडत नाही. खडा नाही, जंतू नाही, तरी मूत्राशयाला सूज आणि वेदना. दहा वर्षांखालच्या मांजरांत या तक्रारींपैकी निम्म्याहून अधिक अशाच असतात. यात ताणाचा वाटा मोठा असतो. अशा मांजरांच्या मूत्राशयाचं आतलं संरक्षक अस्तर पातळ झालेलं दिसतं, लघवीतली तिखट द्रव्यं खालच्या मज्जातंतूंना झोंबतात आणि मांजर घाबरलेलं असलं की हे चक्र आणखी जोरात फिरतं. ओहायो स्टेट विद्यापीठात टोनी बफिंग्टन यांनी यावर अनेक वर्षं काम केलं. मांजराचा रोजचा परिसर सुधारल्यावर त्रास कमी होतो, हे त्यांच्या गटाने २००६ मध्ये ४६ घरगुती मांजरांवर दाखवलं. दहा महिने मागोवा घेतला होता.

आता पेटी का टाळते, तर पेटीत बसल्यावर दुखलं. मांजराच्या डोक्यात बसतं की पेटी दुखवते. मग ते मऊ जागा शोधतं. गादी, कपडे, पायपुसणं. ज्या वस्तूला घरच्या माणसाचा वास जास्त, ती बेचैन मांजराला जास्त जवळची वाटते. तेव्हा बॅगेचे मालक रागाच्या नाही, मायेच्या यादीत आहेत असं समजा.

आणि फिनेल आजच बंद करा. फिनॉलच्या जातीची द्रव्यं मांजराच्या यकृताला निपटता येत नाहीत. पायाला लागतं, ती चाटते, पोटात जातं. याच कारणाने पॅरासिटामॉलची गोळीही मांजराला कधी देऊ नये. तुकडासुद्धा जीव घेऊ शकतो.

कावेरी:
बापरे. फिनेलची बाटली उचलली. पॅरासिटामॉलचा विचार सासूबाई बोलून दाखवत होत्या, "अंग दुखत असेल बिचारीचं" म्हणून. त्यांना आत्ताच वाचून दाखवलं. उद्याची अपॉइंटमेंट घेतली आहे.

आणि मायेची यादी ह्यांना ऐकवली. चेहरा बघण्यासारखा झाला होता.

शंतनू_के:
आमच्या बोक्याला हाच त्रास होता, अँटिबायोटिकने आठवड्यात खडखडीत बरा झाला. परत झालं, परत दिलं, परत बरा. एवढं परिसर वगैरे काही केलं नाही. सरळ औषध द्या आणि मोकळे व्हा.

गुरांचा_डॉक्टर:
@शंतनू_के, बहुतेक झटके औषधाविनाही आठवड्याभरात ओसरतात. तुम्ही गोळी सुरू करता, ते ओसरायचंच असतं, श्रेय गोळीला जातं. परत परत होतंय हीच खूण आहे की मूळ तसंच आहे. तरुण मांजरात जंतुसंसर्ग खरोखर क्वचित असतो. म्हातारी मांजरं, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेली मांजरं यांची गोष्ट वेगळी. लघवीचं कल्चर, म्हणजे नमुन्यात जंतू वाढतात का ही तपासणी, केल्याशिवाय अँटिबायोटिक देऊ नये. वेदनाशामक मात्र द्यावं, डॉक्टरांनी सांगितलेलंच.

शंतनू_के:
कल्चर कोणी केलंच नव्हतं हे खरं. पुढच्या वेळी विचारतो. पण तुमचं हे परिसराचं प्रकरण मला अजून पटलेलं नाही. त्या ४६ मांजरांच्या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट होता का?

गुरांचा_डॉक्टर:
नव्हता. मुद्दा रास्त आहे. पण हाच उपाय असा आहे की चुकला तरी मांजराचं काही बिघडत नाही.

मधुराणी:
कोणी विचारलंच नाही, म्हणून मी विचारते. चिंगी बसून करते की उभ्याने? शेपूट ताठ वर, टोक थरथरतंय, मागचे पाय जागच्या जागी हलतायत आणि भिंतीवर किंवा पडद्यावर बारीक फवारा, तर ते शू करणं नाही, हद्द आखणं आहे. त्याचे उपाय वेगळे. बसून, आडव्या जागेवर, भरपूर, तर मूत्राशय किंवा पेटीचं दुखणं.

"नसबंदी झालीय म्हणजे फवारा नसणार" असंही समजू नका. नसबंदी झालेल्या बोक्यांत साधारण १० टक्के आणि मांजरींत ५ टक्के तरीही फवारे मारतात. आमचा त्या दहांतला. खिडकीबाहेर एक उपरा बोका येऊन बसायचा. खिडकीच्या खालच्या अर्ध्या काचेला दुधी कागद चिकटवला, तेवढ्याने पुष्कळ फरक पडला.

कावेरी:
बसून करते, आडव्या जागीच. थारोळं मात्र मोठं नसतं.

रातकिडा:
आमचा कसा करतो ते बघावं म्हणून पाळत ठेवली. तो बूट पालथा करून बसतो हो. पालथा करून! याला हद्द आखणं म्हणायचं की कलाकारी?

गोट्याचा_बाबा:
मध्येच घुसतोय, माफ करा. आमचा गोट्या, चार वर्षांचा बोका. सकाळपासून पेटीत जाऊन बसतोय, जोर करतोय, काहीच येत नाहीये. मला वाटतंय पोट साफ होत नाहीये. पातळ काही देऊ का? आता एकदा उलटी केली.

निशिगंध:
वाळू ओली आहे का? आज शू झालीय का त्याला?

गोट्याचा_बाबा:
सगळी कोरडी आहे. पोटाला हात लावला तर ओरडतो.

गुरांचा_डॉक्टर:
निघा. आत्ता. पोट साफ होण्याचा प्रश्न नाही, मूत्रमार्ग बंद झालाय असंच धरून चाला. बोक्याची नळी अरुंद असते, चिकट गुठळी किंवा कण अडकतात. लघवी साचली की रक्तात पोटॅशियम वाढतं आणि हृदय बंद पडतं. पूर्ण अडलेला बोका दोनच दिवसांत जाऊ शकतो आणि तुमच्याकडे उलटी सुरू झालीय. घरी काही देऊ नका, पोट दाबू नका. जवळचा जो दवाखाना उघडा असेल तिथे फोन करून "बोक्याची लघवी अडली आहे" एवढं सांगा, ते तयारीत राहतील.

मधुराणी:
गोट्याचे बाबा, इथे उत्तर लिहीत बसू नका. जा.

टवाळ_कार्टं:
हे वाचून मीसुद्धा उठून आमच्या महाराजांची पेटी बघून आलो. ओली आहे. इतका आनंद शूचा आजवर झाला नव्हता.

उन्हाळी_वारा:
तो बोका सुखरूप येईपर्यंत काही सुचणार नाही, तरी कावेरीला एक विचारायचं आहे. दोघींचं भांडण नाही म्हणतेस. बिजली दिवसभर लोळते कुठे?

विचारायचं कारण, मांजरांची दादागिरी बहुतेक वेळा बिनआवाजाची असते. पंजा उगारायची गरजच पडत नाही. एक जण वाटेत आडवं पडतं, मान वळवून नुसतं बघतं आणि दुसरं माघारी फिरतं. आपल्याला वाटतं, दोघं किती शांत आहेत. आमच्याकडे मोठी जिना उतरायची बंद झाली होती, आम्ही समजत होतो गुडघे गेले. धाकटा तिसऱ्या पायरीवर बसलेला असायचा, एवढंच.

कावेरी:
थांब. बघते आणि सांगते.

जुनाखोंड:
आता मांजरांची दादागिरी, पुढे मांजरांचं समुपदेशन. चालू द्या. तो बोका कसा आहे ते मात्र कळवा.

प्राजक्त:
वासाबद्दल कोणी लिहिलं नाही, मी लिहिते. यात पीएचडी झाली आहे माझी.

मांजराच्या शूचा अंश साध्या साबणपाण्याने पुरता जात नाही. वाळलं की आपल्याला वास येत नाही, दमट हवा आली की परत घमघमाट. मांजराला तर तो कायमच येतो आणि "ही आपली ठरलेली जागा" असं त्याला वाटत राहतं. म्हणून एन्झाइमवालं क्लीनर आणा, पाळीव जनावरांच्या दुकानात मिळतं. वरवर पुसून उपयोग नाही. शू जितकी खोल गेली तितकं ते आत जायला हवं आणि बाटलीवर लिहिलेला वेळ ओलं राहायला हवं. ब्लीच चुकूनही नको. शूमधल्या अमोनियाशी मिसळून विषारी वायू होतो, आणि वर मांजरही जाऊन हुंगतं. अमोनियावालं क्लीनरही नको, त्याचा वास मांजराला शूसारखाच वाटतो.

जागा शोधायला जांभळ्या उजेडाची यूव्ही टॉर्च घ्या. रात्री दिवे बंद करून लावली की जुने डाग पिवळट हिरवे चमकतात. मी पहिल्यांदा लावली आणि मटकन खाली बसले. मग टॉर्च खाली धरली, तर बसले होते तिथेही होताच.

टवाळ_कार्टं:
हा प्रतिसाद जेवताना वाचला. धन्यवाद.

निळी_शाई:
पेटीवरही बोला की जरा. कावेरीने पेटी वॉशिंग मशीनशेजारी ठेवली आहे. मांजर आत बसलंय, दाराकडे पाठ, आणि अचानक मशीन घर्रर्र करून पिळायला लागतं. कोण जाईल परत?

शिवाय दोन मांजरांना तीन पेट्या हव्यात, मांजरं जितकी त्याहून एक जास्त. त्याही ओळीने मांडून नको, मांजराच्या हिशेबी ती एकच पेटी होते. वेगवेगळ्या खोल्यांत ठेवा, जिथून दोन बाजूंनी निसटता येईल. पेटीची लांबी मांजराच्या नाकापासून शेपटीच्या बुडख्यापर्यंतच्या दीडपट. विकत मिळणाऱ्या बऱ्याचशा छोट्याच असतात. मी कपडे ठेवायचा मोठा प्लॅस्टिकचा डबा घेऊन एक बाजू कापली. वाळू बारीक, बिनवासाची, भिजल्यावर गोळे होणारी. रोज उपसायची. झाकणवाली की उघडी, यावर मांजरांत एकमत नाही, दोन्ही ठेवून त्यांनाच निवडू द्या.

म्हातारं मांजर असेल तर कड बुटकी हवी. सांधे दुखत असतात, आत पाय टाकणंच जिवावर येतं.

शंतनू_के:
दोन मांजरांना तीन पेट्या! घरात माणसांना दोन बाथरूम नाहीत.

गोट्याचा_बाबा:
पोचलो, वाचला. नळी बंदच होती. भूल देऊन कॅथेटर घातलाय, सलाईन चालू आहे, पोटॅशियम खूप चढलं होतं. दोन दिवस तरी तिथेच ठेवणार. डॉक्टरबाई म्हणाल्या, उद्या आणला असता तर आणायची गरज पडली नसती. मी इथे सकाळपासून फक्त वाचत होतो, शेवटी सहज विचारलं. सगळ्यांचे आभार. हात थरथरतायत, नंतर लिहितो.

गुरांचा_डॉक्टर:
छान. घरी आल्यावर पुन्हा अडण्याची भीती असते, पहिले काही दिवस पेटीवर डोळा ठेवा. ओलं अन्न द्या, पाणी जास्तीत जास्त पोटात जाऊ द्या. पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी, जेवणापासून आणि पेटीपासून लांब.

जुनाखोंड:
शाबास. देव पावला.

कावेरी:
गोट्याला खूप खूप प्रेम.

आता आमचं. सोनोग्राफी आणि लघवी, दोन्हींत काही नाही. खडा नाही, जंतू नाहीत, थोडं रक्त आहे. म्हणजे डॉक्टर म्हणाले तेच. वेदनाशामक दिलंय.

आणि उन्हाळी, तुझ्या प्रश्नाने झोप उडवली. सासूबाई दिवसभर हॉलमध्ये असतात, त्यांनाच पहाऱ्यावर बसवलं. बिजली बाथरूमच्या उंबऱ्यावर आडवी पडते, फरशी गार असते म्हणून असेल. चिंगी पॅसेजच्या तोंडाशी येते, थांबते. बिजली उठतसुद्धा नाही, कान फक्त थोडे बाजूला करते. चिंगी तिथेच बसून उगाच पंजा चाटते, जणू तेवढ्यासाठीच आली होती. मग वळते आणि सोफ्याकडे जाते. सासूबाईंनी हे वर्णन असं केलं: "नवी सून स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे आणि जुनीला पाणी प्यायला आत जाता येत नाही." घरात काही क्षण शांतता होती.

टवाळ_कार्टं:
सासूबाईंना इथे आयडी काढून द्या!

उन्हाळी_वारा:
हेच ते. बिजलीला रागावू नका, तिला यातलं काही ठाऊक नाही. चिंगीला दुसरी वाट द्या. एक पेटी अशा खोलीत की बिजलीला ओलांडून जावं लागणार नाही. जेवणाची ताटंही एकमेकींच्या नजरेआड. आणि उंच जागा द्या, कपाटाचा माथा, फळी, काहीही. वर बसलेल्या मांजराला खालून कोण येतंय ते दिसतं, निम्मी धास्ती तिथेच जाते. बिजलीला रोज खेळवून दमवा, दमलेली मांजर पहारा देत नाही.

मधुराणी:
ते भिंतीत लावायचं फेरोमोनचं यंत्र कोणी वापरलंय? मांजरं गाल घासतात त्या वासाची नक्कल असते म्हणे.

निशिगंध:
आमच्याकडे लावलं, मला फरक वाटला, नवऱ्याला नाही.

गुरांचा_डॉक्टर:
फवारे मारणाऱ्या मांजरांत थोडा फायदा दिसतो, मूत्राशयाच्या दुखण्यात तसा ठोस पुरावा नाही. अपाय नाही, लावायचं तर लावा, पण पेटी न हलवता नुसतं यंत्र लावू नका. सुगंधी तेलांची यंत्रं मात्र वेगळी, ती नकोत. टी ट्रीसारखी तेलं मांजराला विषारी असतात.

शंतनू_के:
आणि मनाच्या गोळ्या? ऐकलंय मांजरांनाही फ्लुऑक्सेटिन देतात.

गुरांचा_डॉक्टर:
देतात. बाकी सगळं करूनही थांबत नसेल तेव्हा, रक्त तपासून, मांजराच्या मापाने. परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे जातात आणि अचानक बंद करायची नसते. घरातल्या माणसाच्या डबीतून काढून कोणी देऊ नये.

जुनाखोंड:
माझं मत तेच आहे. पण शेजारणीची मांजर गच्चीवर शू करते म्हणून ती पाण्याची पिचकारी घेऊन मागे लागते, तिला सांगू काय? थांबेल असं वाटत नाही मला.

निळी_शाई:
सांगा काका. पिचकारीने मांजर शू करायचं शिकत नाही, तुम्ही दिसलात की पळायचं शिकतं. मग पलंगाखाली जाऊन करतं.

जुनाखोंड:
सांगतो. ऐकणार नाही ती.

कावेरी:
ताजी खबर. दुसरी पेटी सासूबाईंच्या खोलीत गेली, त्यांनी स्वतःहून जागा दिली. तिसरी गॅलरीत, जुन्या ठिकाणी. बाथरूममधली बिजलीला. चिंगी गॅलरीतली वापरते, सासूबाईंच्या खोलीतली रात्रीपुरती. पायपुसणं आणि कपडे सुटले. बॅग आता खुंटीला टांगतो. पलंग कोरडा आहे. सोफ्यावर मात्र परवा एकदा केलंच, तोच डावा कोपरा. घरी दुरुस्तीची माणसं आली होती त्या दिवशी, ड्रिलचा आवाज दिवसभर.

तर सोफ्याचं काय करू? एन्झाइम ओतलं, वरून वास गेला, टॉर्चखाली अजून चमकतंय. टाकून देऊ का?

प्राजक्त:
इतक्यात टाकू नकोस. कव्हर काढता येतं का? फोम वेगळा काढ. फोमने जितकी शू प्यायली तितकं क्लीनर त्याला पाजावं लागतं, फवारून भागत नाही. दाबून दाबून आत घाल, प्लॅस्टिकने झाकून दिवसभर ओलं ठेव, मग वाऱ्यावर पूर्ण वाळव. वाळल्यावर हुंग, टॉर्चवर जाऊ नकोस, डाग चमकतो तरी वास गेलेला असू शकतो. दोनदा करूनही दमट दिवशी वास आला तर तेवढ्या कोपऱ्याचा फोम कापून नवा बसव. तोवर त्या कोपऱ्यावर चिंगीचं जेवणाचं ताट ठेव, खातात तिथे सहसा करत नाहीत.

कावेरी:
कव्हर निघतं. वाफेचं यंत्र आहे घरी, ते मारू का आधी?

प्राजक्त:
अजिबात नको. उष्णतेने वास कापडात पक्का बसतो. आणि एन्झाइमच्या आधी दुसरं काही मारलं असशील, तर साध्या पाण्याने धुऊन घे, नाहीतर ते काम करणार नाही.